नळ स्टॉपच्या पुलाखाली घेतलेलं जीपीएस

तेरा हजार पाचशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो खरा सांगायला मला तीन आठवडे लागले.

गेल्या पावसाळ्यात मी हातात धरायचं एक वापरलेलं जीपीएस विकत घेतलं. विकणाऱ्याने ते गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स ३० म्हणून दिलं. निघालं ईट्रेक्स २०. या दोन आकड्यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतील, आम्ही काही असे फसलो नसतो. फरक मलाही ठाऊक होता.

सुरुवात भाचीपासून झाली. ती बारा वर्षांची आहे आणि सुट्टीत तिला कुठूनतरी जिओकॅशिंगचं वेड लागलं. कोणीतरी डबा (खेळाच्या भाषेत ‘कॅश’) लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथेच ठेवतात. खेळ जन्माला आला तोही मजेशीर रीतीने. अमेरिकन सरकार २००० सालापर्यंत सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. मे २००० च्या सुरुवातीला ती भेसळ बंद झाली आणि एक-दोन दिवसांतच ऑरेगन राज्यात एकाने बादलीत किरकोळ वस्तू घालून ती रानात ठेवली, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले. तेव्हापासून लोक जगभर डबे शोधत फिरतायत.

आमचा सराव घरगुती. माझा मेहुणा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज पहाटे फिरायला जातो. तो अर्धा किलो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात छोटी वही आणि पेन्सिल (पेन नाही, पावसात शाई फुटते) घालून एखाद्या दगडाआड ठेवायचा आणि आकडे आम्हाला पाठवायचा. खणायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, हे भाचीचे नियम. शोध फोनवर चालायचा. उन्हाळ्यात जमलं. पाऊस सुरू झाला आणि ओल्या बोटांना फोनची काच दाद देईना. पावसाचे थेंब आपणहून नकाशा मोठा-लहान करायचे. बॅटरी दीड तासात लाल. म्हणून बटणांचं, पाण्यात टिकणारं, दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालणारं यंत्र हवं असं ठरलं.

मला ३० च हवं होतं आणि त्याला कारण होतं. २० आणि ३० दिसायला जुळी भावंडं. पण ३० मध्ये हवेच्या दाबावरून उंची सांगणारं उपकरण आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं. २० मध्ये ही दोन्ही नाहीत. २० ला दिशा कळते ती तुम्ही चालत असाल तेव्हाच, कारण मघाची जागा आणि आत्ताची जागा यावरून ते हिशेब करतं. तुम्ही थांबलात की त्याला दिशा उरत नाही. डोंगरवाटेवर याने फारसं बिघडत नाही. डबा शोधताना शेवटचे दहा मीटर मात्र सगळे थांबत, वळत, वाकत पार करायचे असतात. नेमकी तिथेच ३० ची गरज.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ठिकाणी जाहिरात दिसली. निळ्या-पांढऱ्या चौकटीच्या चादरीवर ठेवलेलं यंत्र. ‘ईट्रेक्स ३०, एकच मालक, भारताचा पूर्ण नकाशा भरलेला.’ किंमत अकरा हजार. नकाशाचे दीड हजार वेगळे, आणि ‘ट्रेकिंगचं सामान काढून टाकतोय’ म्हणून एक टॉर्च हजारात. भेटायची जागा त्याने सुचवली, नळ स्टॉप, पुलाखाली, संध्याकाळी सात वाजता. मी कोथरूडचा, मला सोयीचंच. पावसात आडोसाही मिळणार. केवढा समजूतदार माणूस, असं वाटल्याचं आठवतं.

तिशीतला, नीटनेटका, पाठीवर चांगली सॅक. मला पहिल्या वाक्यापासून ‘काका’. यंत्र चालू करूनच हातात दिलं. बाजूचं रबर नुकतंच चिकटवलेलं दिसत होतं, गोंदाचा वास येत होता. मी मनात म्हटलं, वस्तू जपणारा आहे. पडद्याखाली ३० चा आकडा होता. तो स्टिकर आहे हे घरी दिव्याखाली नख लावल्यावर कळलं.

होकायंत्राचं पान मी उघडलं, हे नमूद करतो. यंत्र हातात आडवं धरून जागच्या जागी वळलो. बाण हलला नाही. मी म्हटलं, “हे फिरत नाहीये.”

“काका, वर बघा ना,” तो म्हणाला. वर रस्त्याचा पूल, त्याच्याही वर मेट्रो. “एवढं लोखंड डोक्यावर असताना होकायंत्र कसं चालेल? आणि काँक्रीटखाली उपग्रह नीट पकडत नाहीत. त्यात हा पाऊस. पावसात सिग्नल येतच नाही.”

या तीन वाक्यांवर मी नंतर फार विचार केलाय. लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं, हे खरं. काँक्रीटखाली उपग्रहांचे संकेत अडतात, हेही खरं. पाऊस-ढगांचा मात्र जीपीएसवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. दोन खऱ्या गोष्टींच्या पाठीला पाठ लावून तिसरी खोटी उभी केलेली. आणि पहिल्या दोन मला माहीत असल्यामुळे मीच मान डोलावत होतो. अडाणी माणसाने कदाचित म्हटलं असतं, मग चल की बाजूच्या गल्लीत. मला मात्र आपल्याला यातलं कळतं हे त्याला दाखवायचं होतं. शिवाय भरकटणं वेगळं आणि न हलणं वेगळं. लोखंडाजवळचं होकायंत्र चुकीची दिशा दाखवेल, पण वळलात तर काहीतरी फिरेल. हे तिथे सुचलं नाही. पैसे फोनवरून पाठवले, वर चहाही मीच पाजला.

रविवारी सकाळी टेकडीवर गेलो. वर गिरिपुष्पाची झाडी, सगळीकडे सारखीच, त्यामुळे आकड्यांवाचून डबा सापडणं कठीण. आठ मीटर उरल्यावर थांबलो. भाचीने यंत्र हातात घेतलं आणि गोल फिरली. पुन्हा उलटी फिरली.

“मामा, हा बाण झोपलाय.”

वर मोकळं आकाश, आजूबाजूला ना मेट्रो ना पूल. मी सेटिंगमध्ये होकायंत्र जुळवण्याचा पर्याय शोधला. ३० मध्ये तो असतो. यात नव्हताच. तेव्हा पोटात खड्डा पडला.

घरी येऊन यंत्र केबलने संगणकाला जोडलं. आत गार्मिन नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘गार्मिनडिव्हाइस’ नावाची छोटी एक्सएमएल फाइल. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्यात मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं. ईट्रेक्स २०. स्टिकर बाहेरून लावता येतो. विकणाऱ्याला या फाइलची आठवण नव्हती, किंवा असल्या गिऱ्हाइकाला ती असणार नाही याची खात्री होती.

फोन लावला. उचलला, हेही विशेष. “काका, तुमच्या टेकडीच्या दगडात लोह आहे. सह्याद्रीचा काळा दगड, होकायंत्र बिघडवतोच.” पुन्हा तेच! आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि काही ठिकाणी होकायंत्र खरोखर चळतं. पण मेहुण्याकडे ट्रेकचं साधं सुईचं होकायंत्र होतं, ते आम्ही त्याच जागी धरून पाहिलं होतं. सुई मुकाट्याने उत्तरेला. मी फाइलचं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग एकदम गोड आवाज: “चूक झाली असेल काका, माझ्याकडे दोन पीस होते. पैसे परत करतो. एक क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, पिन टाका, लगेच जमा होतील.”

इथे मात्र मी शहाणा निघालो, किंवा खरं सांगायचं तर बायको शेजारी बसली होती. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, हे ती मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. फोन बंद झाला तो कायमचा. त्यानंतर घरात पहिलं वाक्य आलं ते असं: “कॅश शोधायच्या खेळात कॅशच घालवून आलास की रे.”

तोवर तिला मी यंत्राचा आकडा पाच हजार सांगितला होता.

मग बाकीच्या वस्तूही तपासल्या. दीड हजारांचा ‘भारताचा पूर्ण नकाशा’ म्हणजे मेमरी कार्डावरची एक फाइल. नकाशा उघडल्यावर कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं नाव. जगभरचे लोक फुकट तयार करतात तो नकाशा. गार्मिनला चालेल अशा रूपात तो कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. मी नंतर स्वतः घेतला, चहा थंड व्हायच्या आत. नकाशा वाईट नाही, उलट टेकडीवरच्या पायवाटासुद्धा त्यात आहेत. पण चोराने मला सार्वजनिक नळाचं पाणी बाटलीत भरून विकलं होतं.

टॉर्चची गोष्ट जास्त धोक्याची आहे. आत १८६५० जातीचा एक रिचार्जेबल सेल होता, बोटभर लांबीचा, आणि त्यावर ठळक छापलेलं: ९९०० एमएएच. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते. खरा सेल साधारण पंचेचाळीस ग्रॅम भरतो. हा बायकोच्या केक करायच्या काट्यावर ठेवला तर एकोणतीस. उघडून बघायचा मोह झाला तरी उघडू नका, लिथियमचा सेल फोडला तर पेट घेऊ शकतो. मी तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देऊन टाकला. असला सेल सॅकमध्ये, कपड्यांमध्ये गुंडाळून मी राजगडावर मुक्कामाला नेणार होतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. उशिरा नोंदवली, हा माझा दोष. पहिले दोन आठवडे लाज आणि ‘बघू, परत करेल’ यांत गेले, आणि अशा प्रकरणात पहिले काही तासच मोलाचे असतात, तेव्हा खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. माझे मिळाले नाहीत.

कोणी असं यंत्र जुनं घ्यायला निघालं असेल तर एवढंच सांगतो, जागा आणि वेळ तुम्ही ठरवा. दिवसा, उघड्या आकाशाखाली. मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. तुमच्यासमोर बंद करून परत चालू करायला सांगा. जागच्या जागी वळून बाण बघा. लॅपटॉप जवळ ठेवा आणि ती फाइल उघडा. ज्याची वस्तू खरी आहे त्याला या तपासणीचा राग येत नाही. सेलचा कप्पा उघडून पाणी अडवणारी रबरी कड शाबूत आहे का बघा, स्प्रिंगवर हिरवट गंज आहे का तेही. आणि फार स्वस्तात उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कोणी देऊ केलं, जसं इनरीच, तर हातही लावू नका. नुसतं जीपीएस संकेत ऐकतं, ते बिनधास्त वापरा. पण उपग्रहाशी बोलणारी यंत्रं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर ती सापडून परदेशी प्रवासी अडकल्याच्या बातम्या येऊन गेल्यात. माझ्या त्या सद्गृहस्थाने चहा पिता पिता तेही विचारलं होतं: “काका, मेसेज जाणारं पण आहे, बघता का?” पैसे संपले होते म्हणून वाचलो.

यंत्राचं काय झालं? ते चांगलं चालतं. ईट्रेक्स २० म्हणून बघितलं तर त्यात खोट नाही. मेहुण्याचं सुईचं होकायंत्र भाचीने त्याच्या दोरीला बांधून टाकलंय. शेवटचे दहा मीटर आले की ती यंत्रावर डबा किती अंशांवर आहे तो आकडा वाचते, सुई बघते आणि मला सांगते कुठे वळायचं.

गेल्या महिन्यात तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर वेगळा, नाव वेगळं, यंत्र ‘ईट्रेक्स ३०, एकच मालक’. फोटोत तीच निळ्या-पांढऱ्या चौकटीची चादर. मी मेहुण्याच्या फोनवरून विचारलं, घ्यायचंय, कुठे भेटायचं? उत्तर आलं, नळ स्टॉप, पुलाखाली, संध्याकाळी सात. मी लिहिलं, त्यापेक्षा सकाळी टेकडीवर भेटू या का, एआरएआय संस्थेच्या बाजूने वर, उघड्यावर?

निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने जाहिरातही दिसेनाशी झाली. चादर मात्र लक्षात ठेवा.