चुन्याची निवळी की टू-पार्ट? खान्देशातल्या रीफ टँकसाठी

रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कोरल (प्रवाळ) वाढायला लागले की आठवड्याच्या पाणीबदलावर भागत नाही, रोजचं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात) भरून द्यावीच लागते. मग बहुतेकांपुढे दोन वाटा उरतात. टॉप-ऑफच्या, म्हणजे उडून गेलेलं भरून काढायच्या, पाण्यातून चुन्याची निवळी सोडायची, किंवा डोसिंग पंपाने टू-पार्ट, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची दोन वेगळी द्रावणं, द्यायचं. कॅल्शियम रिॲक्टर (सीओटूच्या मदतीने कोरलचा चुरा विरघळवणारं यंत्र) मी इथे धरत नाही, दोनशे-अडीचशे लिटरच्या टँकला सीओटूच्या सिलिंडरचा पसारा नको वाटतो. निवळी आणि टू-पार्ट मात्र दोन्ही मी जळगावात, घरच्या टँकवर वापरून पाहिलेत.

आधी निवळीच्या बाजूचं बोलतो, कारण तिच्यात खोट काढणं सोपं नाही. एकच पावडर, तीही स्वस्त. (लॅब ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, पानाचा किंवा भिंतीचा चुना नको.) कोरल ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खातात, त्याच प्रमाणात ती दोन्ही देते आणि मागे काही उरत नाही. शिवाय पीएच वर राहतो. मे महिन्यात आपण खिडक्या लावून एसीत बसतो, खोलीत सीओटू साठतो आणि टँकचा पीएच बसतो. त्या दिवसांत निवळीचा हा गुण खरोखर उपयोगी पडतो. निवळीचा स्वतःचा पीएच 12 च्या वर असतो, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर डबा उंचावर ठेवा.

माझ्यापुरता निकाल लागला तो बाष्पीभवनावर. निवळी टॉप-ऑफमधून जाते, म्हणजे जेवढं पाणी उडेल तेवढाच चुना टँकमध्ये पडणार. मुंबईच्या दमट हवेत पाणी उडण्यात बारा महिने फार फरक नसावा, तिथल्यांना हे जाणवत नसेल. आपल्याकडे मेमध्ये पारा 45 च्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत, त्यात टँक थंड ठेवायला वर पंखे लावलेले. दोनशे लिटरच्या टँकमधून दिवसाला चार लिटर पाणी सहज उडतं. पूर्ण मुरलेल्या निवळीच्या एका लिटरमध्ये साधारण 40 मिलिइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी असते. चार लिटर म्हणजे दिवसाला सव्वादोन डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक)! श्रावणात झड लागली की तेच बाष्पीभवन लिटरभरावर येतं, आणि डोस जेमतेम अर्ध्या डीकेएचवर. कोरलची भूक मात्र ऋतू बघत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. उन्हाळ्यात निवळी पातळ करता येते. पण पातळ किती करायची हे रोहिणी, मृग, परतीचा पाऊस असं प्रत्येक टप्प्यावर नव्याने जुळवावं लागतं, आणि एखादा आठवडा दुर्लक्ष झालं की अल्कलिनिटी हलते. ॲक्रोपोराची (फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कोरलची) टोकं पांढरी पडतात ती अशा हेलकाव्याने. 8 डीकेएच असो की 9, आकडा स्थिर असला की कोरल सुखात असतात, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात तर उलटीच अडचण: निवळी याहून घट्ट होत नाही आणि पाणीच उडत नाही, मग कमी पडलेलं भरायला सोडा वेगळा द्यावाच लागतो.

टू-पार्टचा ऋतूशी संबंध नाही. कॅल्शियम क्लोराइडचं एक द्रावण, सोड्याचं दुसरं. दोन पंप, दोन नळ्या, दिवसभरात थोडंथोडं, दोन्हींच्या वेळा वेगळ्या, म्हणजे पाण्यात पांढरा साका होत नाही. टॉप-ऑफला निव्वळ आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी, ते कितीही उडो. खायच्या सोड्याऐवजी सोडा ॲश (धुण्याचा सोडा) वापरला तर पीएचलाही हातभार लागतो, त्यामुळे निवळीचा तो मुद्दाही बराचसा इथे मिळतो. लाइट गेली तर एखादा डोस हुकतो, त्याने काही बिघडत नाही. फक्त पंपाच्या घड्याळाला बॅटरी बॅकअप आहे ना, हे घेतानाच विचारा.

त्रास याचेही आहेत. सुरुवातीचा खर्च जास्त. मागे मीठ उरतं, म्हणून पाण्याचा खारटपणा हळूहळू चढतो. तो मोजायला रिफ्रॅक्टोमीटर अधूनमधून लावावा लागतो. मॅग्नेशियम वेगळं बघावं लागतं, 1300 पीपीएमच्या जवळपास असलेलं बरं. आणि कॅल्शियम क्लोराइड पावसाळ्यात उघडं राहिलं की स्वतःच पाणी होतं, मग वजन चुकतं. मृगाच्या आधीच पूर्ण पाकिटाचं द्रावण करून ठेवलं की हा प्रश्न येत नाही.

तुमच्या टँकवर चिलर असेल, पंखे नसतील, झाकण असेल आणि सॉफ्ट कोरलच ठेवायचे असतील, तर निवळी चांगली चालावी; त्या टँकला तेवढं पुरेसंही आहे. पंख्यांवर टँक थंड ठेवून एसपीएस (ॲक्रोपोरासारखे टणक, बारीक तोंडांचे कोरल) वाढवायचे असतील तर मी टू-पार्टकडे वळेन. डोस ठरवताना डोसिंग बंद ठेवून सलग दोन-तीन दिवस एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा, रोज किती उतरते ते बघा आणि तेवढीच द्या. प्रत्येक 1 डीकेएचमागे कॅल्शियम साधारण 7 पीपीएम जातं, त्या हिशेबाने दुसरा पंप लावा.