शूटिंग शिकवावं तर असं (फुटबॉल कोचिंग, कोल्हापूर)
पोराला पेठेतल्या कोचिंगला घातलंय. इथं रिकाम्या गोलात बॉल मारत बसवत नाहीत, आधी स्प्रिंट मारून दम काढतात, मग पाठीमागनं डिफेंडर सोडतात आणि तीन सेकंदात शॉट मारायचा, म्हणजे मॅचमध्ये होतं तसंच की. गोल ७.३२ मीटर रुंद असला तरी कीपर पुढं आला की केवढासा दिसतो, म्हणून नुसती ताकद लावण्यापेक्षा लांबच्या पोस्टला खालून प्लेस करायला शिकवतात, हे लई आवडलं. पेनल्टीला बाकीची पोरं मुद्दाम आरडाओरडा करतात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा या इथल्या तालमींच्या टीमांची मॅच बघितलेल्यांना कळेल का ते. ग्राउंड खडबडीत, पावसात नुसता चिखल, डाव्या पायावर काम पण कमीच. फी ठीक. एकदम लहान पोरांना मात्र एवढ्यात घालू नका, आधी बॉल कंट्रोल येऊ दे.