58,000 रुपयांची बुरशी

आधी आकडे सांगून टाकतो, कारण जुनी कॅमेऱ्याची लेन्स घेताना फसलो तेव्हा माझे दीड लाख बुडाले, अशी गावात चर्चा आहे. लेन्सचे 58,000. त्यातले 10,000 टोकन म्हणून आधी पाठवले, भेटीत 20,000 रोख दिले, 28,000 फोनवरून. सर्व्हिस सेंटरच्या नुसत्या तपासणीचे 1,180. एकूण 59,180. नागपूरच्या चार खेपांचं एसटीभाडं मी धरत नाही, बायको धरते.

मी साकोली तालुक्यातला. पोट लग्नाच्या फोटोंवर, जीव पाखरांवर. गोंदियाकडे धानाच्या बांदीत सारसाची जोडी उतरते. तिला त्रास न देता बांधावरूनच फोटो घ्यावा लागतो, आणि माझ्या 70-300 एमएमच्या लेन्सवर ती नखाएवढी येते. माझा निकॉन डी7200 कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे सेन्सर लहान, पोच दीडपट. त्यावर 150-600 एमएमची लेन्स लावली तर 900 एवढी पोच. नवी लेन्स लाखाच्या घरात. म्हणून जुनी शोधली. आता जो तो म्हणतो, जुनं घेतलंच कशाला? अरे, ही कॅमेऱ्याची बॉडीसुद्धा जुनीच घेतलेली, पाच वर्षं झाली, तक्रार नाही. जुनं घेण्यात चूक नव्हती.

जाहिरातीत 65,000 होते. फोनवर माणूस इतका गोड की विचारू नका. ताडोब्याच्या सफारीच्या गोष्टी, जिप्सीत बीनबॅग कशी ठेवायची, सगळं पाठ. मीच त्याला म्हटलं, आम्ही उशीच्या खोळीत तांदूळ भरतो. तो हसला, म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडून शिकलं पाहिजे." तिथंच मी अर्धा गेलो. व्यवहाराआधी जो तुमच्या हुशारीची तारीफ करतो, त्याच्यापासून लांब राहा.

भेट गणेशपेठ बसस्थानकाजवळ, चहाच्या टपरीवर. दुपारी 3 ची वेळ ठरली, हा आला 6 वाजता. डिसेंबरात तोवर अंधार. मला शेवटची गाडी पकडायची होती, हे मीच त्याला फोनवर सांगून बसलो होतो. आपली घाई समोरच्याला कधी सांगू नका.

ट्यूबलाइटखाली लेन्स कॅमेऱ्याला लावली, समोरच्या दुकानाच्या पाटीचे पाच-सहा फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास. स्क्रीनवर सगळंच झकास दिसतं! झूम करून कोपरे पाहायचे असतात, हे मी गावातल्या पोरांना शिकवतो. मी पाहिले नाहीत. स्टॅबिलायझरच्या, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, स्विचवर काळी टेप होती. तो म्हणाला, "गाडीत धक्क्यानं हलते, म्हणून लावली." खरंच लावतात लोक. ती टेप काढून स्विच चालू केला असता आणि फोटो काढायचं बटण अर्धं दाबलं असतं, तर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर व्हायच्या ऐवजी थरथरताना दिसलं असतं.

आणि आता ते, ज्यामुळे मला अजून रात्री जाग येते. पुढं 95 एमएमचा फिल्टर लावलेला होता. मी तो फिरवायला हात घातला. त्यानं अलगद माझ्या हातावर हात ठेवला. "राहू द्या भाऊ, थ्रेड घट्ट झालाय. जोर लावाल तर काच जाईल. फिल्टर माझ्याकडून फुकट." आणि मी हात काढला. काढला मी हात! खिशात टॉर्च होता, रात्री बांदीत पाणी पाहायला नेतो तोच. मागच्या बाजूनं उजेड टाकून पुढून पाहिलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. पण समोरचा वाईट मानेल असं वाटलं. 58,000 देणाऱ्यानं वाईट मानायची भीती बाळगली, हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर उगवतीकडे लेन्स धरली. चित्र दुधात बुडवल्यासारखं. फिल्टर शेवटी टायरची ट्यूब गुंडाळून फिरवला. पुढच्या काचेवर ओरखडा, आणि आत बुरशीचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं, काठापासून मध्यापर्यंत. मंद उजेडात ही बुरशी लपते, उजेड समोरून आला की उघडी पडते. म्हणूनच साहेब अंधारात आले होते. खोक्यावरचा सिरीयल नंबर लेन्सशी जुळत नाही, शेवटचे तीन आकडे वेगळे. त्यानं दिलेल्या बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला तर सिमेंट-लोखंडाचं दुकान निघालं. हे फुकट तपासता येतं, पैसे देण्याआधी तपासा.

त्यानं फोन दोनदा उचलला. "तुमच्याकडे दमट हवा आहे, तुमच्याकडेच लागली असेल." एका रात्रीत? मग नंबर बंद.

सर्व्हिस सेंटरनं दुरुस्तीचे 31,860 सांगितले, वर "हमी देता येणार नाही".

आता पोलीस. आमच्या ठाण्यात म्हणाले, घटना नागपूरची, नागपूरला जा. नागपूरला म्हणाले, तुम्ही राहता तिकडं जा. मी वाचून गेलो होतो. फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420. आणि दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. ठाण्यातला मुन्शी, म्हणजे कारकून, म्हणाला, "वकील आहे का बे?" मग त्यांच्या साहेबांनी निकाल दिला: "वस्तू पाहून घेतली ना? मग हा दिवाणी मामला." सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तिथं तक्रार क्रमांक मिळाला, त्यापुढं आजपर्यंत "प्रक्रियेत". बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, विकणारा दुकानदार नाही, आमच्यात बसत नाही. बनावट बिल दाखवलं तर म्हणे, बिल बनावट आहे ना, मग दुकानदार कसा? पाच ठिकाणी गेलो. प्रत्येक ठिकाणी माझा मूर्खपणा पहिल्यापासून सांगावा लागला, आणि प्रत्येकानं शेवटी तोच प्रश्न विचारला, "काऊन नाही पाहिलं मग?" एका हवालदारानं तर अर्ज हातात धरून प्री-वेडिंगचे किती घेता विचारलं. मी दरही सांगितले.

रोख द्यायची वेळ आलीच तर पावतीवर सही आणि आधारची प्रत घ्या. मी 20,000 दिले ते हवेत गेले, फोनवरच्या 28,000 चा निदान व्यवहार क्रमांक तरी आहे. भेट दिवसा, उघड्यावर. मेमरी कार्ड आपलं, कॅमेऱ्याची बॉडी आपली. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडं ठेवून, झूम 600 ला नेऊन, वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो. आणि समोरचा चहा पाजू लागला तर पिऊ नका, मी प्यायलो, मग नाही म्हणायला जड जातं.

लेन्स आता पोह्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आहे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत टाकतो. बाकीच्या लेन्स वेगळ्या डब्यात, हिची बुरशी त्यांना लागू नये म्हणून. बायको म्हणते, "एवढी सेवा बोरच्या मोटरीची केली असती." मोटर बदलायचेच पैसे होते ते.

मागच्या आठवड्यात माझ्या लेन्सच्या जाहिरातीतल्या त्याच टेबलक्लॉथवर ठेवलेली दुसरी 150-600 विकायला दिसली. किंमत 62,000, नाव वेगळं, नंबर वेगळा. खाली लिहिलंय, फिल्टर मोफत.