किडनीचा कोर्स: व्हिडिओ भारी, पीडीएफ मात्र जपून वाचा

जीएनएम नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे, किडनी म्हटलं की पोटात गोळा यायचा, म्हणून सीनियर ताईचं ऐकून ३९९ भरून हा रेकॉर्डेड कोर्स घेतला. कोर्सच्या मॅडम पहिल्याच व्हिडिओत हिशोब मांडतात की किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर, बाकी सगळं शरीर परत ओढून घेतं. झालं, नेफ्रॉनचं, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्यांचं, काम तिथेच डोक्यात बसलं.

सगळ्यात आवडला तो एकेआयचा, म्हणजे किडनी अचानक बिघडते त्याचा, भाग. टाकीत पाणीच नाही, का फिल्टर खराब, का पुढे पाइप तुंबलाय, म्हणजेच प्रीरीनल (किडनीला रक्तच कमी), इंट्रारीनल (किडनीच बिघडलेली), पोस्टरीनल (लघवीची वाट अडलेली). मेडिसिन वॉर्डला नाइट होती, एका आजोबांच्या युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) दोन तास थेंब वाढला नव्हता, मी घाबरून सिस्टरकडे पळणार तेवढ्यात तो पाइप आठवला, चादर उचलून बघते तर आजोबा कुशीवर, बरोब्बर कॅथेटरच्या नळीवर झोपलेले 😅 नळी मोकळी केली आणि बॅग भरायला लागली. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आधी नळी बघायची, मग डॉक्टरांना उठवायचं."

शहाळ्याचं उदाहरण पण मस्त दिलंय. नातेवाईक प्रेमाने शहाळं घेऊन येतात, पण किडनी फेल असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, शहाळ्यात ते भरपूर, आणि फार वाढलं तर हार्ट थांबू शकतं. ईसीजीत टी वेव्ह (आलेखातली एक लाट) टोकदार दिसते ती त्यामुळेच.

आता तक्रार. पीडीएफमध्ये लिहिलंय की कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनने पोटॅशियम कमी होतं. साफ चूक!! ते फक्त हार्टला सांभाळतं, पोटॅशियम तेवढंच राहतं, त्याला पेशींत ढकलायचं काम इन्सुलिन-डेक्स्ट्रोजचं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) असं बोलले असते तर परीक्षक मॅडमनी बाहेरच काढलं असतं. दोनदा मेल केला, उत्तर नाही.

आणि डायलिसिस अकरा मिनिटांत उरकलंय. फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीवर) हात ठेवून थ्रिल (रक्ताची थरथर) बघायचं, त्या हाताला बीपी नाही, सलाईन नाही, डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन, एवढं सगळं एकाच स्लाइडवर कोंबलंय. सोमवारपासून माझी डायलिसिसलाच पोस्टिंग आहे, त्यासाठी शेवटी ताईचीच जुनी वही आणली.

साडेतीन स्टार. परवा मैत्रिणीला हाच कोर्स २४९ ला मिळाला, ते वेगळंच दुःख.