सीओईपी हुकलं: ड्रॉप घ्यावा की मिळालेली सीट?

कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, यादीत हवं ते नाव आलं नाही की त्या रात्री कुणालाच धड जेवण जात नाही. पुण्यात सीओईपीचं तर विशेष. 1854 पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज, शिवाजीनगरवरून जाता-येता दिसत राहतं. रडू आलं तर रडावं, घरच्यांनीही लगेच समजूत घालायला धावू नये. पण पुढच्या राउंडच्या तारखा थांबत नाहीत.

ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा, विचार असेल तर आधी एक सांगता आलं पाहिजे: मार्क नेमके कुठे गेले? सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे 200 पैकी 100 एकट्या गणिताचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे गणितात वेळ पुरला नाही किंवा ऐन परीक्षेत आजारपण आलं, तर एका वर्षाने चित्र खरंच पालटू शकतं. पण क्लास, टेस्ट सिरीज सगळं मनापासून करूनही पर्सेंटाइल तिथंच अडला असेल, तर पुन्हा तेच करण्यात मला अर्थ दिसत नाही. एनआयटीसारख्या कॉलेजांसाठीच्या जेईई मेनला सलग तीन वर्षं बसता येतं, आयआयटीसाठीच्या ॲडव्हान्स्डला मात्र दोनच. म्हणजे बारावीच्या वर्षी ॲडव्हान्स्ड दिली असेल तर ड्रॉपमधली संधी शेवटची.

ड्रॉपमध्ये सगळ्यात जड जातं ते एकटेपण. वर्गमित्र फर्स्ट इयरला, रेगाटाचे, म्हणजे सीओईपीच्या नौकानयन महोत्सवाचे, फोटो टाकतायत, आणि आपण अभ्यासिकेत त्याच खुर्चीवर. हे ज्याला आतून पोखरतं त्याने ड्रॉप घेऊ नये, मार्क कितीही थोडक्यात हुकलेले असोत.

मिळालेल्या सीटचा कौल ब्रांचवर ठरवावा. पुण्यातली पीआयसीटी, व्हीआयटी, कमिन्स ही काही उरलीसुरली कॉलेजं नव्हेत. तिथं आवडीची ब्रांच मिळत असेल तर मी निःशंकपणे जा म्हणेन. नावासाठी नावडत्या ब्रांचला जाऊन चार वर्षं ओढणं जास्त त्रासाचं. शिवाय गेट ही पदवीनंतरच्या प्रवेशाची परीक्षा आहे: तिसऱ्या वर्षापासून देता येते, आणि आयआयटीत एम.टेक.ची वाट त्या स्कोअरवरून जाते. तेव्हा सीईटीचा पर्सेंटाइल कुणी विचारत नाही.

आवडीची ब्रांचही नाही आणि कॉलेजही मनात बसत नाही, अशांची कोंडी खरी आहे. तिथं ड्रॉपचं पारडं जड होतं.

‘ॲडमिशन घेऊन ठेवू, परीक्षाही देऊ’ ही मधली वाट घरोघरी सुचवली जाते. डिसेंबरच्या सुमारास सेमिस्टरची परीक्षा, लगेच जानेवारीत जेईई, वर हजेरीचा तगादा. दोन्हीकडे अर्धंमुर्धं होतं आणि नव्या वर्गात मैत्रीही जुळत नाही, कारण मन निघायच्या तयारीत असतं. हे करायचंच असेल तर ॲडमिशन रद्द करून फी परत मिळण्याची शेवटची तारीख कॅपच्या वेळापत्रकात आधी बघून ठेवा, आणि पक्का निर्णय त्या तारखेच्या आत घ्या.