जीडीबी: रजिस्टर हाती नसेल तर तसं सांगणारा डीबगर (५ पैकी ४)

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत पंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या बोर्डात चालणारा प्रोग्रॅम, लिहिते. बोर्डावर कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आहे. बोर्ड टेबलावर असेपर्यंत कुठलाही डीबगर (प्रोग्रॅमच्या आत डोकावून चूक शोधायचं साधन) चालतो. पंचाईत होते ती शेतावर बंद पडलेल्या बोर्डाची. तिथून आमच्या हाती येतो तो फक्त फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) उरलेला पंचनामा, म्हणजे बंद पडतानाच्या स्थितीची नोंद.

हा पंचनामा आधी जेमतेम ३२ बाइटचा होता. फॉल्ट (प्रोग्रॅम थांबवणारी चूक) आला की कॉर्टेक्स-एम आपणहून चार-चार बाइटचे आठ शब्द स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या कामचलाऊ जागेत, टाकतो: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर. ही सगळी रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे. तेवढेच आम्ही जपायचो. आर४ ते आर११ हार्डवेअर टाकत नाही, म्हणजे ते गेले ते गेलेच.

मग मी एक पायथन स्क्रिप्ट लिहिली. ती जीडीबीसमोर रिमोट बोर्ड असल्याचं सोंग घेते. जीडीबी ‘जी’ पॅकेट पाठवून सगळी रजिस्टरं मागतो. जी आहेत त्यांचे हेक्स आकडे द्यायचे, जी नाहीत तिथे आकड्यांच्या जागी नुसते ‘एक्स’ भरायचे, ३२ बिटांच्या रजिस्टरला आठ. झालं काम. ‘इन्फो रजिस्टर्स’ मारलं की आर४ पुढे ‘अनअव्हेलेबल’. कंपायलरने आर४ मध्ये ठेवलेला पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) छापायला सांगा, तरी तेच. त्या पॉइंटरमागचं फील्ड मागा, तर ‘व्हॅल्यू इज नॉट अव्हेलेबल’ म्हणून सरळ नकार.

याची किंमत मला कळते, कारण आधी आम्ही एक फुकटातला आयडीई, म्हणजे कोड लिहिण्या-तपासण्याचं एकत्र सॉफ्टवेअर, वापरायचो (नाव नको). न मिळालेल्या रजिस्टरच्या जागी तो खुशाल आठ शून्यं दाखवायचा. शेजारच्या टेबलावरून हाक आली, “ताई, हा पॉइंटर नल (शून्य) कुठे झाला?” कुठेच झाला नव्हता. दुपार मात्र वाया गेली.

जीडीबीत ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ ही वेगळी पाटी आहे, आणि दोन्हींचा इलाज वेगळा. ती दिसली तर कंपायलरने त्या व्हेरिएबलला तिथे जागाच ठेवलेली नाही. कंपायलरला ‘-ओजी’ (डीबगिंगला सोयीचा पर्याय) देऊन बिल्ड करून पाहा. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे जागा ठाऊक आहे, पण तिथला माल आपण गोळा केलेला नाही. त्याला बिल्ड बदलून उपयोग नाही, पंचनामाच वाढवावा लागतो. आम्ही फॉल्ट हँडलरच्या (फॉल्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) सुरुवातीलाच असेम्ब्लीत आर४ ते आर११ साठवायला लागलो, आणखी ३२ बाइट. एवढ्याशा जागेसाठी कंजुषी का केली होती, देव जाणे.

आता एक तारा कापला त्याचं. ‘अप’ करून बाहेरच्या फ्रेममध्ये, म्हणजे आताच्या फंक्शनला बोलावणाऱ्या फंक्शनच्या नोंदीत, जा, की माझ्याकडच्या आवृत्तीत आर० ते आर३ चे आकडे आतल्या फ्रेमचेच दिसतात. कॉलिंग कन्व्हेन्शनप्रमाणे ही रजिस्टरं बोलावलेल्या फंक्शनने बिघडवली तरी चालतात, तेव्हा बाहेरच्या फ्रेमसाठी तो आकडा बिनकामाचा असू शकतो. अशा वेळेसाठी ‘नॉट सेव्ह्ड’ ही पाटी जीडीबीकडे आहेच, पण रजिस्टर कोण जपतं याची माहिती त्याच्याकडे नसेल, तर तो आतलाच आकडा पुढे ढकलतो. मॅन्युअल हे कबूल करतं. जितकं बाहेर जाल तितकी चुकीची शक्यता जास्त, असंही बजावतं. पण मॅन्युअल कोण उघडून बसतंय? पडद्यावर एखादी खूण करायला काय हरकत होती? शिवाय तिथे आर० मध्ये काही लिहायला गेलात, तर आतल्या फ्रेमचाही आर० बदलू शकतो.

फॉल्ट हँडलरच्या पलीकडची फ्रेम याला अपवाद. हार्डवेअरने टाकलेल्या त्या आठ शब्दांतूनच जीडीबी तिथला आर० उचलतो, तो खुशाल खरा माना. बाकी ठिकाणी ‘अप’ करण्याआधी, आतल्या फ्रेममध्ये असतानाच ‘इन्फो फ्रेम’ मारा आणि ‘सेव्ह्ड रजिस्टर्स’च्या यादीत तुमचं रजिस्टर आहे का, ते बघा.