माशाच्या डोळ्याचं 'गॅरंटीड' औषध: मला कसं गंडवलं ते वाचा

मोठे मासे पाळणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, आरोवाना, जो असेल तो. माशाच्या डोळ्यावर पांढरं आलं की फोटो मागून घ्यायचा, लगेच निदान करायचं आणि 'स्पेशल कोर्स' कुरिअरने पाठवायचा असा धंदा करणारे लोक फिरतायत, त्यातल्याच एकाने मला व्यवस्थित चुना लावला. पैसे गेले ते गेले पण मासा जाता जाता वाचला. लांबलचक झालंय, पण डोळ्याच्या आजाराची माहिती पण मधे मधे आहे, ती तरी उपयोगी पडेल.

आमच्याकडे ऑस्कर आहे, नाव दाद्या. फूटभर लांब, टँकमधलं ड्रिफ्टवुड (सजावटीचं लाकूड) स्वतःच्या मर्जीने सरकवणारा, आणि खायला उशीर झाला की काचेवर थोबाड आपटणारा प्राणी. त्याच्या डाव्या डोळ्यावर एकदम झाक दिसली, थंड ग्लासवर बाहेरून वाफ धरते ना तशी. बुबुळ आत दिसत होतं पण धूसर. डोळा बाहेर आलेला नव्हता, खाणं चालू होतं, उजवा डोळा एकदम स्वच्छ. हे सगळं मुद्दाम लिहितेय कारण यातला एकही प्रश्न त्या माणसाने मला विचारला नाही.

त्याचा नंबर मला मासे पाळणाऱ्या ओळखीतल्याच एकाकडून मिळाला, त्यालाही तो अजून कुणीतरी दिलेला. फोटो पाठवला, लगेच व्हॉइस मेसेज आला. "ताई, हा डोळ्यातला किडा आहे, आत्ता बाहेर आहे, आठवड्यात दुसऱ्या डोळ्यात जाईल आणि मग मेंदूत, बाकीचे मासे असतील तर त्यांना पण लागेल, आज ऑर्डर केली तर वाचेल." टँक किती लिटरचा, पाणी कधी बदललं, अमोनिया (माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष) किती, काही काही विचारलं नाही. सोबत बिफोर-आफ्टरचे फोटो धडाधड आले. पूर्ण पैसे ऍडव्हान्स, पावती वगैरे काही नाही, "आपलं विश्वासावर चालतं".

त्या किड्याचं आधी सांगते, कारण घाबरवायला हेच वापरतात. डोळ्यात जाणारा परजीवी खरोखर असतो, डिप्लोस्टोमम नावाचा, त्याच्या अळ्या माशाच्या डोळ्यात, भिंगापर्यंत जाऊन बसतात आणि त्याने मोतीबिंदूसारखं पांढरं होतं. पण त्याचं चक्र असं आहे की मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तो मोठा होतो, पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, त्यातून बाहेर पडलेली अळी गोगलगाईत, गोगलगाईतून माशात, आणि तो मासा पक्ष्याने खाल्ला की परत पहिल्यापासून. म्हणजे उघड्या तळ्यात वाढलेला मासा तो घेऊन येऊ शकतो, पण घरातल्या बंद टँकमध्ये एका माशाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात उडी मारत नाही. पक्षी आणणार कुठून? हे मला नंतर पशुवैद्यांनी सांगितलं, तेव्हा मात्र 'मेंदूत जाईल' ऐकूनच माझे हातपाय गळाले होते.

पार्सल आलं. एक निळ्या पाण्याची बाटली, पिवळ्या पावडरच्या पुड्या, आणि एक ड्रॉपर. बाटलीवर हाताने लिहिलेलं 'आय क्युअर स्टेज १', बस्स. घटक काय, बॅच नंबर, एक्सपायरी, बनवणाऱ्याचं नाव काहीच नाही. विचारलं तर म्हणे बाहेरून ड्रममध्ये येतं, आम्ही फक्त भरून देतो, लेबल लावलं तर महाग पडेल. आणि सोबत पथ्याची यादी, ती नीट वाचा: रोज टँकचं थोडं पाणी बदलायचं, खाणं बंद किंवा एकदम कमी, तळाची घाण सायफनने काढायची, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू.

आता यात गोम काय आहे बघा. माशाला पापण्या नसतात, डोळा चोवीस तास पाण्यात उघडा, त्यामुळे पाण्यात अमोनिया वाढला की पहिला फटका कल्ल्यांना आणि डोळ्याच्या वरच्या पडद्याला. ऑस्करसारखा मासा खातो भरपूर आणि घाण पण तेवढीच करतो, एकट्या ऑस्करला सुद्धा पावणेतीनशे-तीनशे लिटरचा टँक लागतो तो यामुळेच. किंवा मासा ड्रिफ्टवुडला, हिटरला घासतो आणि डोळ्याला ओरखडा पडतो, एकाच डोळ्यावर पांढरं असेल तर बहुतेक वेळा हेच निघतं. दोन्ही प्रकारात पहिला इलाज म्हणजे स्वच्छ पाणी, आणि पाणी चांगलं राहिलं तर वरवरची झाक बऱ्याचदा हळूहळू आपोआप निघते. म्हणजे त्या पथ्याच्या यादीतच खरा इलाज होता, फुकटचा! औषध नुसतं शोभेला. मासा बरा झाला की श्रेय बाटलीला, नाही झाला तर "ताई तुम्ही उशिरा आलात". दोन्हीकडून माणूस मोकळा. मला तर आता वाटतं की त्याचे बरेचसे खूश गिऱ्हाईक खरेच असतील, त्यांचे मासे खरंच बरे झाले असतील, फक्त बाटलीमुळे नाही.

दाद्याचं पण तसंच झालं सुरुवातीला. झाक कमी झाली, मी आनंदाने फोटो पाठवला, तर त्याचं लगेच, "बघा! पण आता थांबू नका, किडा फक्त झोपलाय, स्टेज २ नाही दिली तर डबल जोराने येतो." स्टेज २ चे पैसे वेगळे, आणि अर्थातच आधी सांगितले होते त्याच्या वर. भरले.

स्टेज २ मध्ये निळ्या बाटलीचा डोस वाढवायला सांगितला, थेट मुख्य टँकमध्ये, आणि पाणी बदलणं पूर्ण बंद कारण "औषध वाया जातं". इथून सगळं बिघडलं. पाणी शाईसारखं निळं, टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन निळं झालं ते आजपर्यंत निळंच आहे. दाद्या वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, पर मिटलेले, आणि आता दोन्ही डोळे धूसर! मेसेज केला तर उत्तर आलं, औषध आतली घाण बाहेर काढतंय, आधी वाढतं मग उतरतं, अजून एक पुडी टाका.

पुडी नाही टाकली. घरात अमोनियाचं टेस्ट किट पडून होतं, ते काढलं, ट्यूबमधलं पाणी जे पिवळं राहायला हवं ते गडद हिरवं झालं. अमोनिया शून्य पाहिजे, नायट्राइट पण शून्य, नायट्रेट वीस-चाळीस पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) आत. किटच बिघडलंय की काय म्हणून साध्या ताज्या पाण्याची पण टेस्ट केली, ती पिवळीच आली; निळ्या पाण्याने रंग थोडा फसवू शकतो, पण दाद्याची अवस्था बघता थांबण्यात अर्थ नव्हता. मग मात्र माशांचं बघणारे पशुवैद्य शोधले. असे डॉक्टर कमी असतात, दोन-चार ठिकाणी "आम्ही मासे बघत नाही" ऐकावं लागतं, पण चिकाटीने शोधा, मिळतात.

त्यांनी आधी प्रश्नच विचारले. टँक किती लिटर, मासे किती, फिल्टर कुठला, एक डोळा की दोन्ही, पांढरं वरच्या पडद्यावर आहे की आत भिंगात, डोळा बाहेर आलाय का, अंग फुगलंय का, खवले उभे राहिलेत का, खातोय का. आणि मग ती बाटली बघितली. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून म्हणाले, हे मिथिलीन ब्लू दिसतंय. मिथिलीन ब्लू वाईट औषध नाही, अंड्यांवरची बुरशी, बाहेरची काही इन्फेक्शन, नायट्राइटची विषबाधा यावर वेगळ्या छोट्या टँकमध्ये वापरतात, आणि मिळतं पण सहज आणि स्वस्त. पण डोळ्यातल्या किड्यावर त्याचा उपयोग नाही, आणि मुख्य टँकमध्ये भरपूर ओतलं तर फिल्टरमधले जे चांगले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात तेच मरतात. त्यात पाणी बदलणं बंद. म्हणजे आधीचा डोळा बरा होत होता आणि त्याच्या औषधाने दोन्ही डोळे जाळले.

पिवळ्या पावडरची मजा अजून वेगळी. 'इम्पोर्टेड अँटिबायोटिक' म्हणून दिलेली. डॉक्टरांनी थोडी पाण्यात विरघळवून काळ्या बशीत पसरली आणि सुकू दिली, नंतर भिंगातून दाखवली. पिवळट पाण्याच्या डागात स्वच्छ चौकोनी खडे, अगदी बारीक ठोकळे. मीठ! रंग घातलेलं मीठ. मीठ माशांना चालतं, ठराविक प्रमाणात उपयोगी पण आहे, पण ते अँटिबायोटिकच्या भावात कोण घेईल?

इलाज काय झाला तर एकदम कंटाळवाणा. अर्धं पाणी बदललं, क्लोरीन काढून आणि तापमान जुळवूनच, मग रोज थोडं थोडं. औषध ओढून घ्यायला फिल्टरमध्ये कार्बन परत टाकला. ओळखीच्या माणसाच्या चालू टँकमधला जुना स्पंज आणून फिल्टरमध्ये बसवला म्हणजे बॅक्टेरिया परत यायला मदत, अर्थात त्यांच्या टँकमध्ये आजार नाही याची खात्री करून. एअर स्टोन वाढवला, खाणं कमी. आयोडीन नसलेलं मीठ वीस लिटरला एक मोठा चमचा, विरघळवून हळूहळू, आणि पुढे पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच नवीन मीठ, कारण मीठ उडून जात नाही. डोळा बाहेर आला असता तर एप्सम सॉल्ट दिलं असतं म्हणाले, ते मॅग्नेशियम सल्फेट, साध्या मिठापेक्षा वेगळं, डोळ्यामागे साठलेलं पाणी उतरायला मदत करतं. दोन्हीत गोंधळ करू नका.

अँटिबायोटिक त्यांनी दिलंच नाही. दोन्ही डोळे बाहेर, अंग फुगलेलं, खाणं सुटलेलं असं असेल तर आतलं इन्फेक्शन धरतात आणि मग देतात, शक्यतो खाण्यातून. माशांमध्ये त्रास देणारे एरोमोनास, स्यूडोमोनास हे बॅक्टेरिया ग्रॅम निगेटिव्ह गटातले असतात आणि सहज मिळणारं एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मुख्यतः ग्रॅम पॉझिटिव्ह या दुसऱ्या गटावर चालतं, त्यामुळे अंदाजाने टाकलेली गोळी बऱ्याचदा चुकीचीच पडते. अजून एक, हाताला जखम असेल तर आजारी माशाच्या टँकमध्ये हात घालू नका, मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा बॅक्टेरिया माणसाच्या त्वचेत पण शिरतो. हातमोजे घाला.

दाद्याचा उजवा डोळा पूर्ण स्वच्छ झाला, डाव्यावर एक छोटा पांढरा ठिपका राहिलाय. त्याला काही फरक पडत नाही, ड्रिफ्टवुड सरकवणं चालू आहे.

आता पैशांचं. परत मागितले तर आधी गोड बोलला, मग म्हणे "जिवंत प्राण्याची गॅरंटी नसते", मग "तुमच्या पाण्यातच दोष होता", ज्या माणसाने पाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं तो! स्क्रीनशॉट पाठवले तर ब्लॉक. बँकेत आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार केलीय, चॅट, पेमेंटची नोंद, बाटली, कुरिअरचा कागद सगळं जपून ठेवलंय. तुमच्याकडे पण असं पार्सल आलं असेल तर बाटली रागाने फेकू नका.

त्या बिफोर-आफ्टर फोटोंकडे नंतर शांतपणे बघितलं आणि हसावं की रडावं कळेना. बिफोरमध्ये मासा डावीकडे तोंड करून, आफ्टरमध्ये उजवीकडे. म्हणजे आजारी डोळा एक आणि बरा झालेला डोळा दुसराच, जो कधी आजारी नव्हताच! शेपटीचा कुरतडलेला तुकडा दोन्हीत तसाच, मागे काचेवर शेवाळाची रेघ पण तीच. एकाच दिवशी मासा वळला तेव्हा काढलेले. माशाचा फोटो बाजूनेच निघतो, एका वेळी एकच डोळा दिसतो, त्यामुळे ही चलाखी सहज खपते. कुणी असे फोटो पाठवले तर तोंड कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा, आणि त्याच डोळ्याचा, त्याच बाजूने काढलेला व्हिडिओ मागा.

परवा त्याच ओळखीतल्या माणसाला नव्या नंबरवरून मेसेज आलाय, बोलण्याची ढब तीच, 'आरोवाना ड्रॉप आय स्पेशल, सर्जरीशिवाय'. ड्रॉप आयमध्ये आरोवानाचा डोळा खालच्या बाजूला झुकतो, डोळ्यामागची चरबी, सतत खाली बघणं अशी कारणं सांगतात, लोक पाण्यावर पिंग पाँगचा बॉल तरंगत ठेवून नजर वर खेचायला बघतात, कारणांवर वाद आहेत पण ते इन्फेक्शन नाही, पाण्यात टाकायच्या बाटलीने उतरत नाही. सोबतचे फोटो मी मागवून बघितले. एका फोटोत मासा डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे.